दर सोमवारी अडकणारं मशीन श्रावणात मंगळवारी का अडकायला लागलं

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या फॅब्रिकेशन वर्कशॉपचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. तीन मशीन आहेत, तिन्हींवर उबंटू लिनक्स 22.04. एकावर बिलिंग आणि ड्रॉइंगचं शेअर्ड फोल्डर, दुसरं ड्रॉइंगवाल्याचं, तिसरा शेठचा लॅपटॉप. जूनपासून दर सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला तिथल्या अकाउंट बघणाऱ्या ताईंचा फोन यायला लागला. "दादा, परत अडकलं बघा. गेटवर टेम्पो उभा आहे आणि चलन निघत नाहीये."

अडकलं म्हणजे बंद पडलं असं नाही. माउस हलायचा, पण बिलिंगची विंडो उघडायला अर्धं मिनिट, प्रिंटची कमांड द्यायला आणखी अर्धं. सव्वादहा वाजले की मशीन आपोआप मोकळं. मी पंचवटीतून निघून द्वारका चौकाची गर्दी पार करून पोचेपर्यंत रोग गायब झालेला, आणि ताई माझ्याकडे अशा बघायच्या की जणू मीच येताना तो खिशात घालून आणलाय. (आणलाच होता, पण ते पुढे.)

पहिला संशय जुन्या नेटवर्क स्विचवर. तो 100 एमबीपीएसचा होता, काढून गिगाबिटचा लावला. पुढच्या सोमवारी मशीन अडकलंच, पण पाऊण तासाऐवजी पंधरा-वीस मिनिटं. यामुळे मी आणखी भरकटलो. शंका साफ चुकली असती तर सोडून दिली असती. अर्धी बरोबर निघाली म्हणून केबली बदलत बसलो.

मग म्हटलं, सोमवार आहे तर एखादं साप्ताहिक काम असणार. कमांड इथे फोनवर सांगतो तशा देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजीतच करा. ठरलेल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी दाखवणारं सिस्टिमसीटीएल लिस्ट-टायमर्स डॅश डॅश ऑल चालवलं. यादीत एफएसट्रिम नावाचं डिस्कचं साप्ताहिक काम दिसलं, पुढची वेळ सोमवारी मध्यरात्रीनंतरची. सापडला चोर, असं वाटलं. उबंटूवरची कामं सांभाळणाऱ्या सिस्टिमडीमध्ये 'वीकली' लिहिलं की त्याचा अर्थ सोमवारची मध्यरात्र. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या जुन्या क्रॉनमध्ये ॲट-वीकली लिहिलं तर तो रविवार उजाडतानाची मध्यरात्र धरतो. शब्द एकच, वार वेगळे. वर्कशॉप रविवारी बंद आणि रोज संध्याकाळी सातला शेवटचा माणूस मेन स्विच पाडून जातो, त्यामुळे मध्यरात्रीचं कुठलंही काम चुकणारच. एफएसट्रिमच्या टायमरमध्ये 'पर्सिस्टंट' चालू असतं, म्हणजे चुकलेलं काम मशीन चालू झाल्यावर भरून काढायचं. सोमवारी सव्वानऊला मशीन चालू झालं की ते मागे लागणार. सगळं जुळत होतं. टायमर बंद करून टाकला आणि ताईंना सांगितलं, आता होणार नाही.

झालं. सोमवारी, नेहमीप्रमाणे. एफएसट्रिमला मी उगाच बदनाम केलं होतं; एसएसडीला कुठले ब्लॉक रिकामे आहेत एवढंच तो सांगतो, सहसा काही सेकंदांचं काम. टायमर परत चालू केला. तुम्हीही बंद करू नका.

उलगडा झाला तो तिसऱ्या श्रावणी सोमवारमुळे. त्या दिवशी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी असते, अर्धं वर्कशॉप तिकडे जातं, म्हणून शेठनी सुट्टीच दिली. फोन आला नाही. आला मंगळवारी. ठीक आहे, सोमवारचं काम मंगळवारी भरून निघालं. पण त्याच्या पुढच्या आठवड्यात सोमवार अगदी सुरळीत गेला आणि फोन परत मंगळवारीच आला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही मंगळवारीच.

इथे डोक्यात उजेड पडला. सिस्टिमडीचा टायमर कॅलेंडर बघतो. एक सोमवार चुकला तर मंगळवारी भरपाई करेल, पण पुढच्या वेळी मुकाट्याने सोमवारी परत येईल. लिस्ट-टायमर्समध्ये एफएसट्रिम तसाच परत सोमवारवर आलेला दिसत होता. जो मंगळवारी गेला तो मंगळवारचाच झाला, तर त्याला वार कळत नाही, त्याला फक्त दिवस मोजता येतात. लिनक्सवर असा हिशेब ठेवणारा एकच जुना माणूस आहे: ॲनाक्रॉन.

ॲनाक्रॉनचं काम समजून घेतलं तर अशा निम्म्या तक्रारी जागेवर सुटतील, म्हणून इथे थोडं थांबतो. क्रॉन गृहीत धरतो की मशीन चोवीस तास चालू आहे. ठरलेल्या मिनिटाला मशीन बंद असेल तर ते काम गेलं, त्याची नोंदसुद्धा राहत नाही. ॲनाक्रॉन घड्याळ बघतच नाही. ईटीसी फोल्डरातल्या ॲनाक्रॉनटॅब फाइलीत प्रत्येक ओळीत चार गोष्टी असतात: किती दिवसांनी, सुरू झाल्यावर किती मिनिटं थांबून, कामाचं नाव, आणि कमांड. डेबियन-उबंटूवर रोजच्या कामाला 1 दिवस आणि 5 मिनिटं, साप्ताहिकाला 7 दिवस आणि 10 मिनिटं, मासिकाला 15 मिनिटं. काम शेवटचं कधी झालं ती तारीख व्हार, स्पूल, ॲनाक्रॉन या फोल्डरात एका छोट्या फाइलीत पडलेली असते. मशीन चालू झालं की ॲनाक्रॉन ती तारीख वाचतो, सात दिवस झाले असतील तर दहा मिनिटं थांबतो आणि काम काढतो.

आमच्याकडे सव्वानऊला मशीन चालू, 9:25 ला काम सुरू, साडेनऊला ताईंचा फोन. ती दहा मिनिटं पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर होती.

सुट्टी आली की हा वार एकाच दिशेने सरकतो, पुढे. मागे कधीच येत नाही. सोमवारची सुट्टी त्याला मंगळवारी ढकलते, नंतर एखाद्या मंगळवारची सुट्टी बुधवारी. असं करत करत वर्षभरात तो आठवडा फिरून येईल. तुमच्याकडे 'आधी शुक्रवारी व्हायचं, आता शनिवारी होतं' अशी तक्रार असेल तर सुट्ट्यांचं कॅलेंडर काढून बघा.

आता तो मला आधी का दिसला नाही? कारण लिस्ट-टायमर्समध्ये ॲनाक्रॉनची कामं दिसत नाहीत, नुसता ॲनाक्रॉनचा स्वतःचा टायमर दिसतो, तोही तासातासाला चालणारा आणि म्हणून निरुपद्रवी वाटणारा. क्रॉनच्या कामांची यादी दाखवणारं क्रॉनटॅब डॅश एल चालवलं तर त्यात फक्त त्या युजरच्या ओळी. काम बसलेलं होतं ईटीसीमधल्या क्रॉन डॉट वीकली या फोल्डरात. जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, मात्र स्वच्छ लिहिलेलं होतं. जर्नलसीटीएल डॅश यू ॲनाक्रॉन चालवल्यावर ओळ आली: विल रन जॉब क्रॉन डॉट वीकली इन 10 मिन. आणि बरोबर दहा मिनिटांनंतरच्या वेळेची: स्टार्टेड.

त्या फोल्डरात काय होतं? मे महिन्यात मीच टाकलेली बॅकअपची स्क्रिप्ट.

त्याची कथा अशी. आधी मी रूट या मुख्य युजरच्या क्रॉनटॅबमध्ये रविवारी रात्री दोनची वेळ टाकली होती, कारण सगळीकडे बॅकअप रात्री दोनलाच लिहिलेला असतो. मेन स्विच पाडलेल्या वर्कशॉपमध्ये रात्री दोनला काय होणार? काहीच झालं नाही, कित्येक महिने. मेमध्ये ते लक्षात आलं, घाम फुटला, आणि घाईघाईत स्क्रिप्ट क्रॉन डॉट वीकलीत नेऊन टाकली. तीही पहिल्यांदा चालली नाही, कारण नावाला डॉट एसएच शेपटी होती. या फोल्डरांतल्या फाइली रन-पार्ट्स नावाची कमांड चालवते आणि डेबियनवर ती नावात टिंब असलेली फाइल गुपचूप वगळते. एरर नाही, तक्रार नाही. रन-पार्ट्स डॅश डॅश टेस्ट देऊन फोल्डरचं नाव दिलं की ती काय काय चालवणार त्याची यादी दाखवते. त्यात तुमची फाइल नसेल तर नाव आणि एक्झिक्यूटची परवानगी, दोन्ही तपासा. शेपटी काढली, स्क्रिप्ट चालायला लागली, मी खूश होऊन विसरून गेलो.

स्क्रिप्ट 27 जीबी ड्रॉइंगचा पूर्ण गठ्ठा बांधून नेटवर्कवरच्या एका स्टोरेज बॉक्सवर पाठवते. 100 एमबीपीएसच्या स्विचमधून प्रत्यक्षात सेकंदाला साधारण 11 एमबी जातात. 27 जीबीला सुमारे 41 मिनिटं. नवा स्विच लावल्यावर अडकण्याचा वेळ का घटला, तेही इथे कळलं.

रोग सापडला, आता औषध. यात मी तीन चुका केल्या, त्या सांगतो म्हणजे तुमच्या वाचतील.

पहिलं, ॲनाक्रॉनटॅबमध्ये साप्ताहिक ओळीतल्या 10 चे 240 केले. हिशेब असा की सव्वानऊ अधिक चार तास म्हणजे सव्वाएक, जेवणाची सुट्टी. पण ही चार तासांची मोजणी ॲनाक्रॉन सुरू झाल्यापासूनची आहे, भिंतीवरच्या घड्याळाची नाही. एका दिवशी बाराला लाइट गेली, अर्ध्या तासाने आली, मशीन परत चालू झालं आणि मोजणी शून्यापासून. बॅकअप साडेचारला सुरू झाला, म्हणजे ऐन डिस्पॅचच्या वेळी. ताईंचा फोन आला, आणि मी तो दुसऱ्या रिंगला उचलला कारण कोणाचा असणार ते ठाऊक होतं. काम चालू असताना लाइट गेली तर ॲनाक्रॉन तारीख लिहीत नाही, पुढच्या वेळी ते काम पहिल्यापासून करतो, ही त्याची चांगली बाजू. वाईट बाजू अशी की स्क्रिप्ट एरर देऊन संपली तरी तो तारीख लिहून मोकळा होतो. 'काम संपलं' आणि 'काम झालं' यांत तो फरक करत नाही.

दुसरं, म्हटलं सरळ क्रॉनलाच दुपारची वेळ देऊ. पण तोपर्यंत तिन्ही मशीनवर हीच स्क्रिप्ट होती आणि तिघं एकाच मिनिटाला त्या एका बॉक्सवर तुटून पडणार होते. म्हणून कुठेतरी पाहिलेली युक्ती केली: कमांडच्या आधी स्लीप, आणि त्यात रँडम या व्हेरिएबलला 3600 ने भागून उरलेली बाकी. टर्मिनलवर छान चालली. क्रॉनमधून अजिबात नाही. दोन कारणं, दोन्ही लक्षात ठेवण्यासारखी. क्रॉनटॅबच्या ओळीत % हे चिन्ह आलं की क्रॉन तिथे ओळ तोडतो आणि पुढचा भाग कमांडला इनपुट म्हणून देतो. % हवाच असेल तर त्याच्या आधी बॅकस्लॅश लागतो. तारखेवरून फाइलीचं नाव बनवणाऱ्यांचा नेमका इथेच बळी जातो. बॅकस्लॅश दिला, तर पुढचं कारण समोर आलं: रँडम ही बॅश या शेलची, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामची सोय आहे, क्रॉन मात्र कमांड साध्या एसएच शेलला देतो, जो उबंटूवर 'डॅश' नावाचा वेगळा शेल असतो. त्याला रँडम माहीत नाही, तो शून्य धरतो. तिन्ही मशीन शून्य सेकंद थांबून एकदमच सुटली. क्रॉनटॅबच्या सुरुवातीला शेल म्हणून बॅश लिहिलं तर सुटतं, पण तोवर माझं मन उडालं होतं.

तसं पाहिलं तर तीन मशीनसाठी रँडम हवाच कशाला? एकाला 13:35, दुसऱ्याला 13:50, तिसऱ्याला 14:05. कागदावर लिहून भिंतीला चिकटवता येतं आणि कोण कधी चालतं ते ताईंनाही सांगता येतं. रँडम उशीर हा हजारो मशीनचा उपाय आहे. उबंटूचा ॲप्ट-डेली टायमर सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाचा असतो आणि त्यात बारा तासांपर्यंतचा रँडम उशीर असतो, कारण जगभरातली मशीन एकाच क्षणी अपडेटच्या सर्व्हरवर धडकायला नकोत. आपल्या तीन मशीनची त्याच्याशी काय बरोबरी!

तिसरी चूक सिस्टिमडी टायमरची. क्रॉनटॅबची ओळ काढून टाकली, सर्व्हिसची (काय चालवायचं) एक फाइल आणि टायमरची (कधी चालवायचं) एक फाइल बनवली, टायमरमधल्या ऑनकॅलेंडर या वेळेच्या ओळीत सोमवार 13:35 लिहिलं, आणि कुठलंही काम चुकू नये या भीतीने पर्सिस्टंट चालू केलं. एका सोमवारी दुपारभर लाइट नव्हती. मंगळवारी सव्वानऊला मशीन चालू झालं आणि टायमरने ताबडतोब भरपाई सुरू केली. मी फिरून मूळ जागी. रँडमाइज्डडिलेसेक, म्हणजे टायमरचा रँडम उशीर, दिला असता तर भरपाईलाही तो उशीर लागू झाला असता हे खरं, पण तो शून्यापासून दिलेल्या मर्यादेपर्यंत कितीही निघू शकतो. त्याने काम पांगतं, ते दुपारपर्यंत ढकलण्याची खात्री नाही मिळत.

तेव्हा कुठे प्रश्न नीट मांडला. 'काम कधी करायचं' हा एक प्रश्न आणि 'वेळ चुकली तर काय करायचं' हा वेगळा. एफएसट्रिम चुकला तर सकाळी केव्हाही होऊ दे, कोणाला कळतही नाही. बॅकअप चुकला तर सकाळी नको. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चालेल. हे दुसरं उत्तर ना क्रॉन देतो, ना ॲनाक्रॉन, ना पर्सिस्टंट. ते स्क्रिप्टनेच द्यायला हवं.

आता मांडणी अशी आहे. ऑनकॅलेंडरमध्ये सोमवार ते शनिवार, रोज 13:35. पर्सिस्टंट नाही. टायमर रोज दुपारी स्क्रिप्टला उठवतो, स्क्रिप्ट आधी एका खुणेच्या फाइलीची वेळ बघते. शेवटचा यशस्वी बॅकअप सहा दिवसांच्या आतला असेल तर ती गप्प बाहेर पडते. जुना असेल तर बॅकअप घेते, आणि गठ्ठा बॉक्सवर पोचून तपासून झाल्यावरच खुणेच्या फाइलीला टच करते, म्हणजे तिची वेळ ताजी करते. अर्धवट राहिलं, एरर आली, बॉक्स बंद होता, तर खूण जुनीच राहते आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी परत प्रयत्न होतो. सुट्टी येवो, लाइट जावो, सकाळी कोणाच्या वाटेला जात नाही.

सहाच दिवस का, सात का नाहीत? मी आधी सातच लिहिले होते. बॅकअप 13:35 ला सुरू होतो, खूण पडते 13:52 च्या सुमाराला. पुढच्या सोमवारी 13:35 ला बघितलं तर सात दिवसांना सतरा मिनिटं कमी. स्क्रिप्ट म्हणते अजून वेळ आहे, आणि काम मंगळवारवर. त्याच्या पुढच्या आठवड्यात बुधवारवर. ॲनाक्रॉनचं सरकणं टाळायला निघालो आणि त्याच्यापेक्षा वाईट सरकणं स्वतः लिहून बसलो होतो. फाइंड कमांडमध्ये एममिन प्लस 8640 दिलं की सहा दिवसांची मिनिटं होतात.

टायमर बसवताना नेहमी चुकणाऱ्या गोष्टी पटकन सांगतो. फाइल बदलल्यावर डीमन-रीलोड करा. इनेबल डॅश डॅश नाऊ हे टायमरला करायचं, सर्व्हिसला नाही. सर्व्हिस इनेबल केलीत तर ती प्रत्येक वेळी मशीन चालू होताना पळेल. वेळेचं वाक्य बरोबर आहे का ते सिस्टिमडी-ॲनालाइझ कॅलेंडर सांगतो, पुढची वेळ कोणती तेही छापतो. आणि पहिल्यांदा सर्व्हिस हाताने स्टार्ट करून बघा, कारण टर्मिनलमधला पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) तिथे नसतो. क्रॉनमध्ये तर उबंटूवर फक्त यूएसआर-बिन आणि बिन एवढाच पाथ मिळतो. कमांडचा पूर्ण पत्ता लिहिलेला बरा. सर्व्हिस आधीच चालू असेल तर टायमर दुसरी सुरू करत नाही. क्रॉन मात्र खुशाल एकावर एक चढवतो, तिथे दुसरी प्रत रोखायला फ्लॉक डॅश एन वापरा. बॅकअपने इतर कामांना आधी वाट द्यावी म्हणून सर्व्हिसमध्ये नाइस 19 दिलंय, आय-ओ क्लास आयडल दिलाय. प्रोसेसरच्या बाबतीत उपयोग होतो. डिस्कच्या बाबतीत कोणता आय-ओ शेड्युलर आहे त्यावर अवलंबून आहे, त्याच्या भरवशावर राहू नका.

कधी शेठ म्हणतात, आज दुपारी ऑडिटवाले येणार आहेत, बॅकअप संध्याकाळी घे. एकदाच्या उशिरासाठी टायमरच्या फाइलीला हात लावत नाही. त्या दिवसापुरता टायमर स्टॉप करतो आणि सिस्टिमडी-रन डॅश डॅश ऑन-ॲक्टिव्ह बरोबर 3एच देऊन सर्व्हिस उठवतो. मधे मशीन बंद झालं तर हा तात्पुरता टायमर जातो. लाइटचा भरवसा नसेल तर ॲट कमांड बरी, तिचं काम डिस्कवर लिहिलेलं असतं. स्टॉप केलेला टायमर परत स्टार्ट करायचं विसरलात तरी मशीन पुढच्या वेळी चालू होताना इनेबल असलेला टायमर आपोआप उठतो. आमच्याकडे रोजच बंद-चालू असल्यामुळे इथे तेवढा फायदा.

शेठचा लॅपटॉप वेगळीच कटकट. डेबियन-उबंटूच्या मूळ सेटिंगमध्ये मशीन बॅटरीवर असेल तर ॲनाक्रॉन सुरू होत नाही. शेठ साइटवरून येऊन बॅटरीवरच काम करणार, चार्जर गाडीत. त्याची रोजची कामं आठ-आठ दिवस रखडायची आणि चार्जर लावला की सगळी एकदम. तिथेही बॅकअप टायमरवर आणला आहे.

भाड्याच्या एका सर्व्हरवर दर महिन्याच्या 1 तारखेला रात्री दोनला एक प्रत जायला हवी होती, ती सकाळी साडेसातला जात होती. सर्व्हरचं घड्याळ यूटीसी, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. साडेपाच तास वजा करून वेळ लिहायला गेलो तर आपल्या 1 तारखेचे रात्रीचे दोन म्हणजे तिथे आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीचे 20:30, आणि शेवटचा दिवस कधी 28, कधी 30, कधी 31. क्रॉनच्या पाच रकान्यांत ते सरळ मावत नाही. टाइमडेटसीटीएलने टाइमझोन एशिया-कोलकाता केला आणि क्रॉन रीस्टार्ट केला. रीस्टार्ट न करता तो जुन्याच वेळेने चालत राहतो. सर्व्हरचा टाइमझोन बदलणं शक्य नसेल तर सिस्टिमडीच्या ऑनकॅलेंडरमध्ये वेळेच्या शेवटी टाइमझोन लिहिता येतो.

वर्कशॉपमधल्या क्रॉन डॉट वीकलीतली जुनी स्क्रिप्ट काढायला मात्र मी एका मशीनवर विसरलो होतो. ड्रॉइंगवाल्याच्या. दसऱ्यानंतर त्याचा फोन आला, "भाऊ, आमचं बुधवारी सकाळी जरा जड चालतं." मशीन चालू कधी केलं होतं विचारलं. नऊ वीस. जड कधी झालं? साडेनऊ. घरूनच लॉगिन केलं आणि फाइल काढून टाकली.